नवीन सुपरवायझर झालात? ऑपरेटरला बाजूला घेऊन बोलायचं कसं, पायरीपायरीने

मागच्या महिन्यात आमच्याकडे दोन पोरं सुपरवायझर झाली. दोघंही डिप्लोमावाली, तीन-चार वर्षं मशीनवर काढलेली, ड्रॉइंग वाचता येतं, प्रोग्रॅम एडिट करता येतो, आणि पहिल्याच आठवड्यात दोघांचं एकच दुखणं, "मॅडम, मशीन ऐकतं हो, माणसं ऐकत नाहीत." म्हणून हे लिहायला घेतलं. मी भोसरीला एका छोट्या मशिनिंग कंपनीत आहे, क्वालिटीत लागले, मग प्रॉडक्शनला आले, आता शिफ्ट बघते. आमच्याकडे एचआर म्हणजे एकच माणूस, तो पण पगार आणि पीएफच्या कागदांत बुडालेला, त्यामुळे ट्रेनिंग वगैरे कुणी दिलं नाही, जे काय शिकले ते चुका करून शिकले आणि त्यातली एक चूक स्पिंडल, म्हणजे मशीनचा फिरणारा मुख्य दांडा, घेऊन गेली, तो किस्सा येतोच खाली.

ऑफिसात बसणाऱ्यांना, आयटीवाल्यांनापण यातलं बरंचसं चालेल, पण उदाहरणं मी माझ्या इथलीच देणार.

सगळ्यात आधी: हा विषय फीडबॅकचा आहे का?

फीडबॅक म्हणजे कामात काय झालं ते सांगायचं, त्याचं म्हणणं ऐकायचं आणि पुढे काय करायचं ते दोघांनी ठरवायचं. बास. मारामारी, चोरी, पिऊन कामावर येणं, हे यात बसत नाही. असलं काही दिसलं की वर कळवायचं, पर्मनंट माणूस असेल तर लेखी आरोपपत्र, त्याचं उत्तर, चौकशी असा ठरलेला रस्ता असतो, तिथे तुम्ही "थांबा मी समजावतो त्याला" करत मधे पडलात की उद्या दोन्हीकडून तुम्हीच अडकता. (पिऊन मशीनवर उभा असेल तर आधी मशीन बंद, बाकी सगळं नंतर.)

आणि एखाद्या बाईने कुणाच्या वागण्याची, अंगचटीला येण्याची तक्रार केली तर ती "दोघांना समोरासमोर बसवून मिटवून टाकू" अशी गोष्ट नाहीच. २०१३ चा कायदा आहे, दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते आणि लेखी तक्रारीला साधारण तीन महिन्यांची मुदत असते, तेव्हा तिला समितीचा रस्ता दाखवा, समजूत घालत तिचे दिवस घालवू नका.

हे वगळलं की जे उरतं, म्हणजे रिजेक्शन, मोजमापाची शीट न भरणं, उशिरा येणं, हँडओव्हर नीट न देणं, पोरांना न शिकवणं, आणि हो, चांगलं केलेलं काम, हा आपला विषय.

पहिली पायरी: आधी मोजा, मग तोंड उघडा

आता तो किस्सा. टर्निंगला आमच्याकडे एक काका होते, वीस-बावीस वर्षं मशीनवर काढलेले. ३२ एच७ चा बोअर (आतलं भोक) होता, म्हणजे ३२.००० ते ३२.०२५ मिलिमीटर, पंचवीस मायक्रॉनात काय ते सगळं. एका सकाळी फायनल इन्स्पेक्शनने चाळीस पीस लाल, म्हणजे रिजेक्टच्या, डब्यात टाकले, सगळे ओव्हरसाइज. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, बोअर लहान राहिला तर परत चढवून रिवर्क होतो, मोठा झाला की सरळ भंगार. मला शिफ्ट मिळून जेमतेम महिना झालेला, वरून फोन येऊन गेलेला, मी तशीच तरातरा मशीनवर गेले, नेमकी चहाची ट्रॉली आलेली, आठ-दहा जण कप घेऊन उभे, आणि त्या सगळ्यांसमोर बोलले, "काका, एवढी वर्षं काढली आणि बोअर मोजता येत नाही?"

काका काहीच बोलले नाहीत. कप ट्रॉलीवर ठेवला, कॉटन वेस्टने हात पुसले आणि मशीनचं दार ओढून घेतलं.

दुपारी कळलं की बोअर गेज आदल्या शिफ्टला चुकीच्या सेटिंग रिंगवर (ज्या ठरलेल्या मापाच्या रिंगवर गेज लावून घेतात ती) झीरो करून ठेवला होता. काकांनी दर दहावा पीस मोजलेला, शीट भरलेली, गेजच खोटं बोलत होता. शिफ्ट सुरू होताना गेज रिंगवर चेक करायचा हा नियम तेव्हा आमच्याकडे कुठे लिहिलेलाच नव्हता. मी सॉरी म्हटलं, पण कुठे, तर केबिनमधे. अपमान दहा जणांसमोर आणि माफी दार लावून. त्यानंतर दोन महिने काका कामाच्या सूचनांच्या कार्डावर लिहिलंय तेवढंच करायचे, एक शब्द जास्त नाही, आणि एक दिवस त्याच मशीनचा स्पिंडल जाम झाला. बेअरिंग गेलेलं. मेंटेनन्सवाल्याने विचारलं, काका आवाज येत नव्हता का हो? तर म्हणे, "येत होता की, पंधरा दिवस येत होता. पण आवाज ऐका असं कार्डावर कुठं लिहिलंय?"

तेव्हापासून माणसाला बोलवायच्या आधी मी तीन गोष्टी बघते. ज्याने मोजलं ते मोजमाप बरोबर आहे का. काय अपेक्षित होतं ते त्याला कधी कुणी नीट सांगितलं होतं का, म्हणजे "सांगितलंच असेल" नाही, कोणी, कधी, कुठे. आणि तिसरी, याच मशीनवर, याच गेजने, याच घाईत दुसरा कुणी उभा असता तर वेगळं झालं असतं का? तिसऱ्याचं उत्तर नाही असेल तर माणसाला बोलावू नका, मशीन बघा, फिक्श्चर (जॉब धरायची पकड) बघा, शेड्यूल बघा.

ही काही माझी अक्कल नाही. क्वालिटीतला जुना जाणकार वॉल्टर शूहार्ट, त्याने १९२४ मधे कंट्रोल चार्ट, म्हणजे मोजमापं ओळीने मांडायचा आलेख, काढला तो याचसाठी, की रोजचा जो थोडा इकडे-तिकडे फरक पडतो तो प्रोसेसचा असतो आणि खरंच काही वेगळं घडलं तर ते वेगळं दिसतं, दोन्हीला एकच औषध देऊ नका. नंतर क्वालिटीतलेच दुसरे मोठे जाणकार डेमिंग नरसाळ्याचा प्रयोग दाखवायचे, नरसाळ्यातून गोटी खाली खुणेवर टाकायची आणि प्रत्येक वेळी गोटी जिकडे पडली त्याच्या उलट दिशेला नरसाळं सरकवायचं, वाटतं की नेम सुधारेल, होतं उलटंच, गोट्या आणखीनच फाकतात. मशीनवरचा कुठलाही सेटर हे न शिकता जाणतो, दर पीसला ऑफसेट देणारा, म्हणजे टूल थोडं सरकवणारा पोरगा दिवसभर साइजच्या मागे धावत असतो. माणसाचंही तसंच. रोज उठून प्रत्येक बारक्या गोष्टीवर बोललात तर तो सुधारत नाही, नुसता गडबडतो.

दुसरी पायरी: जागा, वेळ, आणि मशीनवर बदली माणूस

चहाच्या वेळी नाही. शिफ्ट सुटताना नाही, त्याचं सगळं लक्ष बसकडे असतं आणि पुढच्या शिफ्टची माणसं आत येत असतात. मशीन चालू असताना त्याच्या कानाशी ओरडून तर नाहीच नाही, त्या आवाजात नॉर्मल बोललेलं पण शिव्या दिल्यासारखं दिसतं लांबून.

आमच्याकडे सुट्टी गुरुवारी असते, तर बुधवारी संध्याकाळी मी कुणाला कडू काही सांगत नाही, माणूस घरी जाऊन अख्खी सुट्टी तेच घोकत बसतो आणि बायकोपोरांवर काढतो. शुक्रवारी सकाळी सांगितलं तर त्याच दिवशी त्याला करून दाखवायला मशीन समोर असतं.

काचेची केबिन टाळा. आत काय चाललंय ते ऐकू येत नाही पण दिसतं सगळ्यांना, आणि बाहेर लगेच "आज त्याची हजामत चाललीय" सुरू. मी स्टँडर्ड रूममधे, म्हणजे मोजमापाच्या खोलीत बसते, तिथे एसी असतो, आवाज नसतो, आणि तिथे कुणी गेलं तर पीस मोजायला गेलं असं वाटतं. लंच संपल्यावर रिकामं कँटीनही चालतं.

सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे नवे लोक हमखास विसरतात, त्याच्या मशीनवर पंधरा मिनिटांसाठी बदली माणूस द्या. नाहीतर तो तुमच्यासमोर बसून मनात काउंट मोजत राहणार, आणि वर तुम्हीच तासाच्या बोर्डवर त्याला विचारणार की या तासाला कमी का.

बोलवायची पद्धतपण बघा. "जरा केबिनला या" एवढंच सांगून अर्धा तास टांगून ठेवू नका, त्या अर्ध्या तासात तो मनातल्या मनात नोकरी गमावून बसतो. सरळ सांगा, "काल सेकंड शिफ्टच्या शीटबद्दल बोलायचंय, दहा-पंधरा मिनिटं, लंचनंतर."

आणि जितकं लवकर तितकं बरं. दोन-तीन दिवसांच्या आत. मागच्या महिन्यातला पीस आज काढून दाखवलात तर कुणालाच काही आठवत नाही, मग वाद आठवणीवरच होतो. फक्त तुमचं डोकं गरम असेल तर एक शिफ्ट जाऊ द्या, माझं ऐका, एक शिफ्ट.

तिसरी पायरी: पहिलं वाक्य

कुठे, काय दिसलं, त्याने काय झालं, या क्रमाने बोला. "काल सेकंड शिफ्टला चार नंबरवर लाल डब्याला टॅग नव्हता, सकाळी ते सहा पीस डिस्पॅचच्या ट्रॉलीत सापडले, गाडी निघाली असती तर कस्टमरकडून कंप्लेंट आली असती." संपलं. यात निष्काळजी नाही, बेजबाबदार नाही, "तुमचं नेहमीचंच आहे" नाही. "नेहमी" म्हटलं की समोरचा लगेच मागच्या आठवड्यातला एक दिवस काढून दाखवतो जेव्हा टॅग लावला होता, आणि मग तासभर भांडण त्या एका दिवसावर.

अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डीनिसी या दोन संशोधकांनी १९९६ साली फीडबॅकवरचे तोपर्यंतचे प्रयोग एकत्र करून तपासले, ६०७ निष्कर्ष, २३ हजारांवर निरीक्षणं. सरासरी बघितली तर फीडबॅकने काम सुधारतं, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा फीडबॅक दिल्यावर काम उलट बिघडलं होतं! आणि बोलणं कामावरून सरकून माणसावर, त्याच्या स्वतःबद्दलच्या समजुतीवर गेलं की उपयोग कमी होत जातो, असं त्यांना दिसलं. माझं "एवढी वर्षं काढली आणि" हे वाक्य बोअरबद्दल नव्हतंच, ते काकांच्या बावीस वर्षांबद्दल होतं.

ती आधी गोड, मग कडू, मग परत गोड अशी एक पद्धत शिकवतात ट्रेनिंगवाले, वडापावसारखी, दोन्हीकडून पाव आणि मधे मिरचीचा वडा. मला नाही पटत. आमच्याकडे "तुमचं काम एक नंबर असतं हं" असं कुणी सुरू केलं की ऑपरेटर लगेच म्हणतो, "मॅडम, काय झालं ते सांगा." आणि नुकसान असं होतं की खरंच काम एक नंबर असतं त्या दिवशीही त्याला तुमचं कौतुक ऐकून पोटात गोळा येतो.

हाक काय मारायची ते पण इथेच सांगते. वयाने मोठ्यांना मी काका, मामा, आणि अहो-जाहो, चूक सांगताना तर जास्तच. बरोबरीच्यांना दादा. अप्रेंटिस पोरांना अरे-तुरे चालतं पण रागात असताना एरवीच्या "तुम्ही" वरून "तू" वर घसरलात तर सगळ्या शॉपला (मशीनखात्याला) कळतं की पारा चढलाय. उलटंही तसंच, रोज "अरे ये रे" म्हणणारी मी एकदम "आपण जरा बसा" म्हटलं तर पोरगं घाबरून जातं. रोज जशी हाक मारता तशीच मारा.

चौथी पायरी: विचारा आणि गप्प बसा

इथे सगळे पडतात. प्रश्न विचारतात आणि उत्तरही स्वतःच देतात, "का झालं? लक्ष नव्हतं ना? मोबाइल ना?" मग तो "हो मॅडम" म्हणतो, तुम्ही खूश, तो सुटला, आणि खरं कारण तिथेच शॉपवर पडलेलं.

एक प्रसंग जसाच्या तसा सांगते. सोलापूरकडचा एक पोरगा, आयटीआय करून आलेला, हात चांगला. त्याच्या शीटवर अख्ख्या शिफ्टची वीस रीडिंगं, वीसच्या वीस ३२.०१२, एकाच पेनाने, एकाच तिरक्या अक्षरात. बघूनच कळतं की शेवटच्या दहा मिनिटांत बसून भरलीयत. मी आधी त्याचे पाच पीस स्वतः मोजले, मग बोलावलं. शीट मधे ठेवली.

"ही काल रात्रीची तुझी शीट. सगळी रीडिंगं ३२.०१२. मी सकाळी यातलेच पाच पीस मोजले, ते ३२.००४ पासून ३२.०२१ पर्यंत आले. पीस सगळे ओके आहेत, पण शीटवरचं खरं नाहीये. उद्या खरंच साइज सरकला तर शीटवरून आपल्याला कळणार नाही. असं का झालं?"

गप्प. मीही गप्प. एसीचा आवाज. मी अशा वेळी मनातल्या मनात वीसपर्यंत अंक मोजते, फार लांब वाटतात ते वीस अंक, पण मोजते.

"मॅडम, गेज कुठंय?"

"म्हणजे?"

"गेज एकच हाय की ओ. तीन नंबरला असतो. मला पायजे असला की मशीन सोडून तिकडं जायचं, त्यो मोकळा हुईस्तवर थांबायचं, रिंगवर चेक करायचं, परत यायचं. माझी एका पीसची सायकल दोन मिन्टं दहा सेकंदाची. मशीन बोंबलत उभं. आन काउंट कमी आला की तुमीच इचारता."

तुमीच इचारता. आता यावर काय बोलणार? पोरगं खोटं लिहीत होतं हे खरं, आणि त्याला खोटं लिहायला लावणारी व्यवस्था मी चालवत होते हेपण खरं. मी जर सुरुवातीलाच "मोबाइल बघत होतास ना" म्हटलं असतं तर गेजचं कळायला अजून सहा महिने आणि एखादी कस्टमर कंप्लेंट लागली असती.

गप्प बसणं म्हणजे भुवया चढवून बघत बसणं नव्हे बरं का. शीटकडे बघा, पीस हातात घ्या, पाणी प्या. शक्यतो समोरासमोर न बसता टेबलाच्या कोपऱ्याला बसा आणि मधे वस्तू ठेवा, पीस असो, शीट असो, फोटो असो, दोघांचे डोळे त्या वस्तूवर राहतात, एकमेकांवर नाही, बोलणं फार सोपं जातं.

पाचवी पायरी: एकच गोष्ट ठरवा

एका बैठकीत एकच. तुमच्याकडे सात गोष्टींची यादी असेल, शीट, मोबाइल, सेफ्टी शूज, मागच्या मंगळवारचा उशीर, सगळं मनात ठेवा. सात सांगितल्या तर तो त्यातली सगळ्यात सोपी निवडतो, शूज घालतो आणि बाकी सहा तशाच.

आणि ठरवायचं ते असं की उद्या बघून सांगता आलं पाहिजे झालं की नाही. "जरा लक्ष दे" हे ठरवणं नव्हे, लक्ष कसं मोजणार? त्या पोराशी ठरलं ते असं: गेजचं मी बघणार, शनिवारपर्यंत. तोवर जिथे मोजलं नाही तिथे रेघ मारायची, आकडा बनवायचा नाही, आणि रेघ दिसली तर मी ओरडणार नाही. त्याला शेवटी विचारलं, "काय ठरलं सांग बरं आपलं," कारण मी काय बोलले यापेक्षा तो काय घेऊन चाललाय हे महत्त्वाचं. तो म्हणाला, "रेघ मारायची, खोटं लिवायचं नाय, आन शनिवारी गेज." बरोबर.

मग डायरीत दोन ओळी, तारीख, काय ठरलं, कोण काय करणार. माझी स्वतःची साधी डायरी, फाइल वगैरे नाही. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर काहीच नाही. बऱ्याच ठिकाणी सुपरवायझर रिजेक्ट पीसवर लाल गोल काढून शिफ्टच्या ग्रुपवर फोटो टाकतात, खाली ऑपरेटरचं नाव आणि हात जोडलेला इमोजी. ते म्हणजे चहाच्या ट्रॉलीपुढे ओरडणंच आहे, फक्त आता तो ते घरी बसून पोरांसमोर वाचतो.

सहावी पायरी: परत जाऊन बघा

स्टोअरमधे एक जुना बोअर गेज पडून होता, कॅलिब्रेशन करून घेतला, शनिवारऐवजी सोमवार उजाडला. शनिवारी मी त्याच्या मशीनवर जाऊन सांगितलं की नाही झालं, सोमवारी येतोय. हे सांगणं मला गेजपेक्षा महत्त्वाचं वाटतं, आपण शब्द पाळला नाही तर निदान तोंड दाखवावं. त्या दिवसांतल्या त्याच्या शीटवर चौदा रीडिंगं आणि सहा रेघा होत्या आणि चौदाही वेगवेगळी. मी रेघांबद्दल चकार शब्द काढला नाही, माझ्या वरच्यांनी काढला, तेव्हा त्यांनाही बाजूला घेऊन समजवावं लागलं, तो फीडबॅक द्यायला मात्र जास्त हिंमत लागली.

ठरल्यावर एक आठवड्याने पाच मिनिटं जाऊन बघाच. नाही गेलात तर पोरं एवढंच शिकतात की मॅडम बोलतात, नंतर विसरतात.

चांगल्या कामाचंही याच पद्धतीने

शाब्बास फुकट असतं म्हणून ते कुणी नीट देत नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत कारखान्यातल्या सुपरवायझरांना घाईघाईने तयार करायला ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री नावाचा कार्यक्रम होता, पुढे तो जपानमधेही गेला, त्यात सुपरवायझरला खिशात ठेवायला छोटं कार्ड मिळायचं. त्यावरच्या पहिल्या मुद्द्याचा अर्थ असा की प्रत्येकाला कळू द्या त्याचं काम कसं चाललंय, आणि दुसरा, श्रेय देणं असेल तर ते गरम असतानाच द्या. मला ते "गरम असतानाच" फार आवडलं, भाकरीसारखं. आमच्याकडे श्रेय थेट खंडेनवमीला मिळतं, मशीनला झेंडूचा हार, नारळ, पेढे, आणि मालक सगळ्यांना मिळून "यंदा छान काम केलंत". कुणी? काय? कधी?

"काल नाइटला इन्सर्ट तुटायच्या आधी आवाजावरून मशीन थांबवलंत, जॉब वाचला आणि टूल होल्डरपण वाचला," हे असं सांगा. तेही एकट्याला सांगितलेलं जास्त पोचतं असा माझा अनुभव, सगळ्यांसमोर सांगितलं की बिचारा दिवसभर "काय मॅडमचा लाडका" ऐकत बसतो.

आता जुने सुपरवायझर तुम्हाला सांगतील, कौतुक केलं की पोरं डोक्यावर बसतात, शिव्या दिल्या की दुसऱ्या दिवशी काम सुधारतं, आम्ही बघितलंय. त्यांनी बघितलंय हे खरं आहे! मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन, ज्यांना २००२ मधे अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते इस्रायलच्या हवाई दलातल्या प्रशिक्षकांना शिकवत होते, तिथे एक अनुभवी प्रशिक्षक नेमकं हेच म्हणाला, छान उड्डाणाचं कौतुक केलं की पुढचं बिघडतं, वाईटाला झापलं की पुढचं सुधारतं. कानेमनच्या डोक्यात प्रकाश पडला की याचा झापण्याशी संबंधच नाही. अगदी वाईट दिवसानंतरचा दिवस बहुतेक वेळा जरा बरा जातोच आणि अगदी झकास दिवसानंतरचा जरा कमी. एखाद्या दिवशी रिजेक्शन बारा आलं तर दुसऱ्या दिवशी ते चार-पाचवर येणारच होतं, तुम्ही ओरडला असता किंवा नसता. पण ओरडलेलं लक्षात राहतं आणि वाटतं आपल्यामुळेच झालं.

अवघड माणसं, अवघड वेळा

तुमच्याहून वयाने, अनुभवाने मोठा: शिकवायला जाऊ नका, जे दिसलं ते ठेवा समोर आणि विचारा, "काका, तुम्हाला काय वाटतं हे कशाने झालं असेल?" दहातल्या आठ वेळा ते तुमच्याहून चांगलं कारण सांगतात. उरलेल्या दोन वेळा ते स्वतःच म्हणतात, माझंच चुकलं.

कालपर्यंत शेजारच्या मशीनवर असलेला मित्र: हे सगळ्यात जड. एकदाच स्पष्ट बोलून घ्या की कामाचं बोलताना मी सुपरवायझर म्हणून बोलेन, बाहेर टपरीवर आपण तेच. आणि मग टपरीवर कामाचं काढू नका, अजिबात.

ठेकेदाराकडचा माणूस: काम कसं करायचं, सेफ्टी, क्वालिटी हे जरूर त्याच्याशी बोला, बाकीच्यांशी बोलता तसंच. त्याची रजा, पगार, ठेवायचं की काढायचं हे ठेकेदाराचं, "उद्यापासून येऊ नको" हे तुमचं वाक्य नाही. तो तुमच्यासमोर कधीच नाही म्हणणार नाही, गेजचं तर मुळीच बोलणार नाही, म्हणून त्याला दोनदा विचारा.

बिहार, यूपी, ओडिशाकडची पोरं: त्याला सोयीची असेल ती भाषा बोला, आपली हिंदी मोडकी असली तरी चालते. फक्त "समझा ना?" विचारू नका, उत्तर "हां मैडम" असंच येतं. "दिखाओ कैसे करोगे" म्हणा.

पुरुष सुपरवायझर आणि बाई ऑपरेटर: दार उघडं ठेवा, दिसेल पण ऐकू जाणार नाही अशी जागा घ्या, शिफ्टच्या वेळेतच बोला. रात्री नऊ वाजता फोन करून "जरा कामाचं बोलायचं होतं" हे नको.

रडायला लागलं कुणी तर थांबा, पाणी द्या, लगेच "बरं बरं जाऊ दे" म्हणून विषय गुंडाळू नका, उद्याची वेळ ठरवा. चिडून कुणी म्हणालं "मग काढून टाका मला" तर त्या वाक्याला उत्तर देऊ नका, परत पीसवर या, "काढायचा विषय नाहीये, टॅगचा विषय आहे." आणि बोलताबोलता घरचं निघालं, आई दवाखान्यात, कर्ज, पोराची फी, तर ऐका, जमेल ती मदत सांगा, पण बाहेर जाऊन कुणाला एक शब्द सांगू नका. एकदा फुटलं ना तर अख्ख्या शॉपवर तुमच्यासमोर परत कुणी तोंड उघडणार नाही.

वर्षाच्या शेवटी इन्क्रिमेंटच्या वेळी जो फॉर्म भरतात त्यात माणसाला नवीन काही कळता कामा नये, कळलं तर बारा महिने तुम्ही काय केलंत हा प्रश्न येतो. आणि पैशाचं बोलणं आणि कामाचं बोलणं एकाच दिवशी ठेवू नका, आकडा ऐकल्यावर कुणालाही पुढचं काही ऐकू येत नाही, मलाही नाही येत.

शेवटची पायरी: तुमचं पण विचारा

महिन्यातून एकदा, एकेकाला, "मी काय वेगळं केलं तर तुमचं काम सोपं होईल?" पहिले दोन-तीन महिने "काय नाय मॅडम, सगळं बरोबर आहे" एवढंच येईल, तरी विचारत राहा. आणि ज्या दिवशी कुणी काही बोलेल त्या दिवशी खुलासा देत बसू नका, "हो पण मी ते अशासाठी केलं की" हे वाक्य गिळून टाका, नुसतं लिहून घ्या.

मला पहिलं खरं उत्तर काकांनी दिलं, स्पिंडल प्रकरणानंतर वर्षभराने, रिटायर व्हायला थोडे महिने राहिले असताना. म्हणाले, "मॅडम, तुम्ही विचारता चांगलं, पण माणूस बोलत असताना हातातल्या घड्याळाकडं बघता. मग आम्ही आवरतं घेतो." मला पत्ताच नव्हता. आता स्टँडर्ड रूममधे बसले की घड्याळ काढून ड्रॉवरमधे ठेवते, गेजच्या डब्यांशेजारी, आणि दोनदा तर ते तिथेच विसरून घरी गेलेय.